शेअर खरेदीचा संकेत विश्वासार्ह आहे की नाही, हे तपासायचे कसे?

टूलरूम_सातपूर (प्रश्न)

नमस्कार. मी सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये काम करतो आणि गेली चार वर्षे शेअर बाजारात फक्त डिलिव्हरीचे, म्हणजे शेअर प्रत्यक्ष खात्यात घेण्याचे, सौदे करतो. फ्युचर्स-ऑप्शन्सच्या (पुढच्या तारखेच्या भावावरच्या करारांच्या) वाटेला मी गेलेलो नाही. शहरातल्या एका क्लासमध्ये फी भरून मी खरेदीचा एक संकेत शिकलो. शेअरचा बंद भाव मागील २० दिवसांच्या उच्चांकावर गेला आणि त्या दिवशीचे व्हॉल्यूम (खरेदी-विक्री झालेल्या शेअरांची संख्या) २० दिवसांच्या सरासरीच्या दुपटीहून जास्त असले, की खरेदी करायची. खरेदीभावाच्या ४ टक्के वर टार्गेट (नफा घेऊन विकण्याचा भाव) आणि ६ टक्के खाली स्टॉपलॉस (तोटा थांबवण्यासाठी विकण्याचा भाव) लावायचा, आणि दोहोंपैकी जे आधी येईल तेथे सौदा संपवायचा. हा संकेत ‘८० टक्के अचूक’ असल्याचे क्लासमध्ये सांगण्यात आले होते.

ऐकीव आकड्यावर पैसे लावणे जिवावर आल्यामुळे मी निफ्टी १०० या एनएसईच्या (राष्ट्रीय शेअर बाजाराच्या) शंभर मोठ्या कंपन्यांच्या यादीतील शेअरांचे एप्रिल २०२० ते ऑक्टोबर २०२१ या काळातले चार्ट एकेक करून पाहिले आणि दोनशेपानी वहीत नोंदी केल्या. हिरव्या पेनाने टार्गेट, लाल पेनाने स्टॉपलॉस. एकूण ६४ सौदे झाले आणि त्यांपैकी ४१ हिरवे निघाले, म्हणजे ६४ टक्के. ८० नसले तरी हे प्रमाण मला पुरेसे वाटले आणि मी खरे पैसे लावू लागलो. आतापर्यंत १४ सौदे झाले असून त्यांतील पाचच टार्गेटला पोहोचले आहेत.

आमच्याकडे प्लग गेज (छिद्राचे माप तपासण्याचे साधन) वापरात घेण्यापूर्वी त्याचीच तपासणी होते. कॅलिब्रेशनच्या तारखेचे स्टिकर नसलेले गेज इन्स्पेक्टर हातातही धरत नाही. या संकेताला असे स्टिकर लावायचे असेल तर कोणती तपासणी करावी, आणि संकेत खोटा आहे की सध्या माझी वेळ खराब आहे हे कसे ओळखावे, याचे मार्गदर्शन जाणकारांनी करावे, ही विनंती.

आकडेमोड (गंगापूर रोड)

मी महाविद्यालयात संख्याशास्त्र शिकवतो आणि शेअर बाजारात स्वतःचे थोडेफार पैसे घालवूनही झाले आहेत, त्यामुळे दोन्ही बाजूंनी सांगू शकतो.

सर्वांत आधी तुमच्या ६४ टक्क्यांकडे पाहू. ज्या भावाची दिशा कोणालाच ठाऊक नाही, असा भाव ४ टक्के वर आधी जाईल की ६ टक्के खाली आधी जाईल, याची शक्यता केवळ अंतरावरून ठरते: स्टॉपलॉसचे अंतर भागिले दोन्ही अंतरांची बेरीज, म्हणजे ६ भागिले १०, म्हणजे ६० टक्के. डोळे मिटून वर्तमानपत्रातल्या भावांच्या पानावर बोट ठेवले आणि त्या शेअरला हेच टार्गेट आणि हाच स्टॉपलॉस लावला, तरी शंभरातले साधारण साठ सौदे हिरवे निघतील. स्टॉपलॉस १६ टक्क्यांवर नेला, तर त्याच बोटाची ‘अचूकता’ ८० टक्के होईल. क्लासने सांगितलेला आकडा कोठून आला हे मला माहीत नाही, परंतु अचूकतेचा आकडा टार्गेट आणि स्टॉपलॉसची अंतरे न सांगता कोणी देत असेल, तर त्या आकड्याला काहीही अर्थ नसतो.

तेव्हा प्रश्न ६४ विरुद्ध ५० असा नसून ६४ विरुद्ध ६० असा आहे. ६४ सौद्यांमध्ये निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार सुमारे ६ टक्क्यांचा असतो. तुमचा फरक ४ टक्क्यांचा आहे. एवढा फरक खरा आहे असे जरा तरी खात्रीने म्हणण्यासाठी सुमारे ६०० सौदे लागतील. हाच न्याय तुमच्या १४ सौद्यांनाही लावा. शंभरातले साठ जिंकणाऱ्या नाण्यालाही चौदांत पाच किंवा त्याहून कमी जिंकण्याची पाळी शंभरात सुमारे सहा वेळा येते. म्हणजे जुन्या वहीवरून संकेत चांगला ठरत नाही आणि नव्या सौद्यांवरून तो वाईटही ठरत नाही.

पैशांत पाहिले तर ४१ गुणिले ४ वजा २३ गुणिले ६ म्हणजे २६ टक्के, म्हणजे सौद्यामागे साधारण ०.४ टक्के. डिलिव्हरीत खरेदीवर ०.१ आणि विक्रीवर ०.१ टक्के एसटीटी (शेअर सौद्यांवरचा सरकारी कर), खरेदीवर ०.०१५ टक्के मुद्रांक शुल्क, वर एक्स्चेंजचे शुल्क, जीएसटी आणि विक्रीच्या वेळचा डीपी (डीमॅट खाते सांभाळणाऱ्या संस्थेचा) आकार धरला, तर ५० हजारांच्या सौद्यावर पाव टक्क्याच्या जवळपास खर्च होतो. उरले ०.१५. त्यातून नफा झालाच तर २३ जुलै २०२४ पासून अल्पकालीन भांडवली नफ्यावर २० टक्के कर आहे.

आता तपासणीबद्दल. प्रवेशाचा संकेत तपासायचा असेल तर बाहेर पडण्याचा नियम आधी बाजूला काढून ठेवावा, नाहीतर आपण कशाची परीक्षा घेत आहोत हेच कळत नाही. संकेत मिळाल्यानंतर ५, १० आणि २० दिवसांनी भाव किती टक्के बदलला, एवढेच मोजा. आता ही सरासरी कशाशी तोलायची, हे खरे काम आहे. त्याच शेअरांत, त्याच काळात, तितक्याच वेळा, परंतु चिठ्ठ्या टाकून काढलेल्या तारखांना खरेदी केली असती तर काय मिळाले असते, ते संगणकाकडून १००० वेळा काढून घ्यावे. एक्सेललाही हे जमते, फक्त ते कुरकुरते. त्या हजार सरासऱ्या उतरत्या क्रमाने लावल्या की तुमची खरी सरासरी कितव्या क्रमांकावर बसते ते पाहायचे. पहिल्या पन्नासांत असेल तर संकेतात काहीतरी आहे असे समजून पुढे तपासावे; चारशे-पाचशेच्या आसपास असेल तर तुमच्या नियमाने आणि चिठ्ठ्यांनी सारखेच काम केले आहे.

काळाची निवडही तुम्हाला फसवणारी होती. एनएसईचा मुख्य निर्देशांक निफ्टी २३ मार्च २०२० रोजी ७,६१० वर बंद झाला आणि १८ ऑक्टोबर २०२१ रोजी १८,४७७ वर. तुमची वही नेमकी या चढाच्या काळातली आहे. त्या काळात चिठ्ठ्यांनीही ६० पेक्षा जास्त हिरवे सौदे दिले असते, त्यामुळे तुमचे ६४ टक्के त्यांच्याहून कमीही असू शकतील.

किमतींबाबत दोन गोष्टी कटाक्षाने पाळाव्या लागतील. संकेत बंद भावावरून ठरतो, म्हणून शेअर त्याच बंद भावाला विकत घेता येत नाही. शिवाय तुम्ही तपासलेल्या काळात एनएसईचा बंद भाव हा शेवटच्या सौद्याचा भाव नसून अखेरच्या अर्ध्या तासातील सौद्यांची भारित सरासरी आहे, आणि ती साडेतीननंतरच कळते. हिशेबात दुसऱ्या दिवशीचा सुरुवातीचा भाव धरा. ब्रेकआउटनंतर (भावाने जुना उच्चांक ओलांडल्यावर) तो बहुधा वर उघडतो आणि संकेताचा बराचसा फायदा तेथेच जिरतो. दुसरे असे की, एनएसईच्या संकेतस्थळावरची रोजची भावकॉपी (त्या दिवशीच्या भावांची फाइल) फुकट मिळते, पण ती बोनस (फुकट दिलेले जादा शेअर) आणि स्प्लिटसाठी (एका शेअरचे अनेक करणे) सुधारलेली नसते. सप्टेंबर २०१८ मध्ये इन्फोसिसने एकास एक बोनस दिला तेव्हा कच्च्या आकड्यांत शेअर एका दिवसात निम्म्यावर आलेला दिसतो, आणि तुमचा स्टॉपलॉस कागदावर विनाकारण उडतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे आजची निफ्टी १०० ची यादी घेऊन मागे जाणे. आज यादीत असलेले शेअर हे तरलेले शेअर आहेत. येस बँक ऑगस्ट २०१८ मध्ये ४०० रुपयांच्या आसपास होती, २०१९ च्या अखेरीस ५० च्या खाली आली आणि मार्च २०२० मध्ये निफ्टीतून बाहेर गेली. युनिटेक, सुझलॉन आणि रिलायन्स कम्युनिकेशन्सही एके काळी निफ्टीत होत्या. प्रत्येक वर्षाच्या चाचणीला त्या वर्षीची यादी हवी.

शेवटचे म्हणजे २० दिवस आणि दुप्पट व्हॉल्यूम हे आकडे कोणी निवडले? तुम्ही आता १५, २५, ३० दिवस आणि दीडपट, तिप्पट असे करून पाहाल. प्रत्येकाला तो मोह होतो. काहीच दम नसलेले वीस वेगवेगळे नियम तपासले, तर त्यांतला किमान एक तरी ‘पहिल्या पन्नासांत’ येण्याची शक्यता ६४ टक्के असते. (पुन्हा ६४ आले, हा निव्वळ योगायोग समजावा.) म्हणून नियम जुळवण्यासाठी एक काळ वापरा आणि दुसरा काळ कुलूप लावून ठेवा, ते कुलूप एकदाच उघडायचे.

निफाडचा_बागाईतदार

सरांनी चिठ्ठ्यांचे सांगितले, ते आम्हा द्राक्षवाल्यांना लगेच पटेल. ऑक्टोबर छाटणीनंतर दरवर्षी डाऊनी या पानांवरच्या रोगासाठी नवे औषध घेऊन कोणीतरी बांधावर येतो आणि मागच्या वर्षी अमक्याच्या बागेत एक पानही गेले नाही असे सांगतो. त्याला माझा एकच प्रश्न असतो की, त्या बागेत न फवारलेल्या दोन ओळी सोडल्या होत्या का. छाटणीनंतर पाऊस झाला नाही तर साधे पाणी फवारले तरी डाऊनी येत नाही, आणि मग पाण्यालाही शंभर टक्के गुण द्यावा लागतो. २०१९ मध्ये ऑक्टोबर-नोव्हेंबरात पावसाने बागा धुऊन काढल्या, तेव्हा कोणत्या औषधात किती जीव आहे ते आठ दिवसांत कळले. टूलरूमवाल्या भाऊंनी तपासलेला काळ हा पावसाने उघडीप दिलेल्या वर्षासारखा आहे.

दुसरी एक गोष्ट सरांच्या उत्तरात आली नाही म्हणून लिहितो. एकाच वाफ्यातली दहा झाडे मोजली म्हणून दहा बागा पाहिल्या असे होत नाही. एका वाफ्यावर दव पडले की दहाही झाडांवर पडते. बाजार एकदम वर उसळतो त्या दिवशी दहा-बारा शेअरांत एकत्र ब्रेकआउट येतात आणि पुढे ते एकत्रच चढतात किंवा पडतात. भाऊंच्या ६४ नोंदी किती वेगवेगळ्या तारखांच्या आहेत, हे त्यांनी एकदा मोजावे.

जुना_सबब्रोकर (मेन रोड)

मी नव्वदच्या दशकापासून या धंद्यात आहे आणि माझ्या टेबलासमोर बसून लोकांनी घर विकल्याचेही पाहिले आहे, त्यामुळे थोडे कडू बोलतो. प्रवेशाच्या संकेतावर एवढी मेहनत घेण्याचे कारण मला समजत नाही. माझ्याकडे टिकलेले जे पाच-सहा ग्राहक होते, त्यांचे संकेत अगदी सामान्य होते. एका सौद्यात किती पैसे घालायचे आणि चुकले तर कधी निघायचे, एवढेच त्यांना इतरांपेक्षा चांगले कळत होते. सेबीच्या (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी संस्थेच्या) सप्टेंबर २०२४ च्या अहवालाप्रमाणे तीन आर्थिक वर्षांत ९३ टक्के वैयक्तिक ट्रेडरांना तोटा झाला. त्या सगळ्यांकडे कोणता ना कोणता संकेत होताच.

आणखी एक सूचना अशी की, स्टॉपलॉस ६ टक्क्यांवर लावला म्हणून तोटा ६ टक्केच होतो असे समजू नये. ४ जून २०२४ रोजी निफ्टीच एका दिवसात सुमारे ६ टक्के पडला होता. भाव स्टॉपलॉसच्या खाली उघडला, की सौदा मिळेल त्या भावाला कापला जातो.

क्लासवाले चालू बाजारात शेअरांची नावे देत असतील, तर त्यांचा सेबीचा नोंदणी क्रमांक मागा आणि तो सेबीच्या संकेतस्थळावर पडताळून पाहा.

आकडेमोड (गंगापूर रोड)

बागाईतदारांचा मुद्दा माझ्याकडून खरोखर सुटला होता, आणि तो सर्वांत महत्त्वाच्या मुद्द्यांपैकी आहे. एका तारखेच्या सर्व संकेतांची सरासरी काढून ती एकच नोंद धरावी. चिठ्ठ्याही शेअरनिहाय न काढता तारखांच्या काढाव्यात, म्हणजे तुलना सम पातळीवर होईल.

सबब्रोकर काकांच्या अनुभवाचा मान ठेवून एक दुरुस्ती करतो. ९३ टक्के हा आकडा फ्युचर्स-ऑप्शन्सचा आहे. प्रश्नकर्ते डिलिव्हरीत आहेत, त्यांना तो जसाच्या तसा लागू होत नाही. पैसे किती लावायचे याचे महत्त्व मान्यच आहे, परंतु सौद्यामागची सरासरी शून्याच्या खाली असेल तर रक्कम कमी लावल्याने तोटा हळूहळू होतो, थांबत नाही. म्हणून आधी ती सरासरी मोजावी, असा माझा आग्रह आहे.

टूलरूम_सातपूर

उत्तर द्यायला तीन आठवडे लागले त्याबद्दल क्षमस्व. दुसऱ्या पाळीवरून आल्यावर रात्री जेवढे जमले तेवढे केले; पुतण्याने पायथनमध्ये चिठ्ठ्यांचा भाग लिहून दिला.

आधी जुनी वही. बागाईतदार भाऊंनी सांगितल्याप्रमाणे तारखा मोजल्या, तर ६४ सौदे केवळ २७ तारखांचे निघाले. नोव्हेंबर २०२० च्या एकाच दिवसाचे नऊ आहेत आणि नऊही हिरवे आहेत. हे पाहताना मला वहीत दुसरी एक गोष्ट सापडली, जी येथे लिहायला थोडी लाज वाटते. चार ठिकाणी मी पेन्सिलीने ‘बाजाराचा मूड खराब, सोडला’ असे लिहून त्या ओळीला क्रमांक दिलेला नाही. चार्ट पुढे सरकवून पाहिला तेव्हा चारही ठिकाणी स्टॉपलॉस लागलेला होता. चार्ट मागे जाऊन पाहत असताना उजवीकडची घसरण डोळ्यांच्या कोपऱ्यात दिसत असणार आणि हाताने ती ओळ गाळली असणार. मुद्दाम केल्याचे मला आठवत नाही. ते चार धरले तर ६८ पैकी ४१, म्हणजे ६०.३ टक्के. सरांनी सुरुवातीलाच सांगितलेल्या डोळे मिटून ठेवलेल्या बोटाइतकेच. पैशांत हिशेब केला तर ६८ सौद्यांचे मिळून २ टक्के, खर्च वजा करण्यापूर्वी.

आमच्याकडे एखादा पीस गेजमध्ये जात नसेल तर तो बाजूला फेकून लॉट पास करणाऱ्याला थेट घरी पाठवतात.

नंतर २०१६ ते २०१९ या काळावर नव्याने चाचणी केली. त्या त्या वर्षीची यादी, बोनस-स्प्लिटसाठी सुधारलेले भाव, खरेदी दुसऱ्या दिवशीच्या सुरुवातीच्या भावाला, एका तारखेची एक नोंद. दहा दिवसांच्या हिशेबात माझा संकेत हजारांत ४३७ व्या क्रमांकावर आला, पाच दिवसांच्या हिशेबात ५९० व्या आणि वीस दिवसांच्या हिशेबात ११८ व्या. खरेदी त्याच दिवशीच्या बंद भावाला धरली असती, तर दहा दिवसांचा क्रमांक ४३७ ऐवजी १६२ झाला असता. एका रात्रीत एवढा फरक पडतो हे मला आकडे पाहूनही खरे वाटत नव्हते, म्हणून पुतण्याकडून दोनदा तपासून घेतले.

खरे पैसे लावणे मी सध्या थांबवले आहे. एक शंका मात्र उरते. वीस दिवसांचा ११८ वा क्रमांक पहिल्या पन्नासांत बसत नसला तरी इतर दोन्हींपेक्षा बराच वरचा आहे. ४ आणि ६ टक्क्यांची मर्यादा काढून वीस दिवस शेअर ठेवण्याचा नियम केला, तर तो २०२२ ते २०२४ या न उघडलेल्या काळावर तपासून पाहणे योग्य होईल का?

आकडेमोड (गंगापूर रोड)

तपासा, पण तुम्ही तीन मुदती पाहून त्यांतली सर्वांत चांगली निवडली आहे हे विसरू नका. तीन संधी घेतल्या म्हणून मर्यादा तीनपट कडक करावी लागेल, म्हणजे पहिल्या पन्नासांऐवजी पहिल्या सोळा-सतरांत क्रमांक यायला हवा. चाचणी सुरू करण्यापूर्वी नियम, मुदत आणि ही मर्यादा वहीत पेनाने लिहा, खाली तारीख घाला आणि पुतण्याची सही घ्या. वीस दिवसांच्या नोंदी एकमेकींवर चढतात, म्हणून दोन नोंदींत किमान वीस दिवसांचे अंतर ठेवा; नोंदी बऱ्याच कमी होतील, त्याला इलाज नाही. आणि पेन्सिल या वेळी घरात दुसरीकडे ठेवा.